कमलाबाईंचं पान

“जरा बाजूले हो व, दूध उतू जाईन,” म्हणत रघुनाथराव शेगडीपाशी आले आणि वैजयंतीचं क्विनोआच्या खिचडीचं पातेलं त्यांनी सरळ उचलून खाली ठेवलं.

आज पितृपक्षातली अविधवा नवमी. वर्षभर चहाचा कपसुद्धा न विसळणारा हा माणूस या एका दिवशी लुंगी खोचून स्वयंपाकघरात उभा राहायचा आणि पहिल्या बायकोच्या पानासाठी स्वतःच्या हातानं भाताची खीर करायचा. कमलाबाई सवाष्ण गेल्या. त्यांच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची ही रीत, आणि रीतीबद्दल वैजयंतीची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेलचीबद्दल. वेलची सोलताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते तिच्याशी लग्न लागतानाही आलं नव्हतं.

माहेरी, दापोऱ्याला, आजारी आईचं करता करता वैजयंतीची चाळिशी उलटली आणि मग शनवारा मोहल्ल्यातल्या या बिजवराचं स्थळ आलं. केळीच्या आडतीवर मुनीम, मुलगी इंदूरला दिलेली, घर स्वतःचं. लग्नानंतर वर्षाच्या आत रघुनाथरावांना साखर निघाली. डॉक्टरांनी भात बंद केला, तेव्हा लेकीनं, निशानं, इंदूरहून क्विनोआचं पाकीट पाठवलं. “मावशी, चावल बिल्कुल नको देऊ पप्पांना. हे दे. इकडे सब लोग हेच खातात.”

बाजरीहून बारीक दाणे. पहिल्या दिवशी वैजयंतीनं ते न धुताच शिजवले आणि सगळं कडूजहर झालं. मग कळलं की फेस जाईपर्यंत चोळून धुवायचे असतात. पुढे लसणाच्या फोडणीची खिचडी, मेथी घालून उपमा, ज्वारीच्या पिठात मिसळून भाकरी, असं करत तिनं त्या परदेशी दाण्याला पार खानदेशी करून टाकलं. नवऱ्याला पथ्याचं वाढून आपण भात ओरपायचा हे काही तिला बरं वाटेना, म्हणून तीही तेच खाऊ लागली. साखर ताब्यात आली. पण ‘बरं झालंय’ एवढे दोन शब्द काही रघुनाथरावांच्या तोंडून निघाले नाहीत. खाली मान घालून जेवायचे, हात धुवायचे. कमलाबाईंच्या खिरीचं कौतुक मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हीच मोठी पंचाईत होती. तिची खीर कधी खाली लागत नाही, तिच्या हातून कधी मीठ जास्त पडत नाही. वैजयंतीचा नुसता जळफळाट व्हायचा.

“शेवटी शेवटी तिनं खीर मांगली होती,” खीर ढवळता ढवळता रघुनाथराव म्हणाले. “शुगर चढेल होती. मी म्हटलं, नही. आता घालतो कितीबी साखर, आता काय बाधते तिले?” मग खाली ठेवलेल्या पातेल्याकडे बघून म्हणाले, “तव्हा हे तुझं क्विनोआ मालूम असतं ना, तं राहिली असती ती.”

वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे खाली मान घालून हा माणूस घासाघासाला तिलाच आठवत होता तर! धुवायचं हिनं, शिजवायचं हिनं, आणि क्विनोआसुद्धा कमलाबाईंचंच.

तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई दाराबाहेरूनच ओरडल्या. सवाष्ण म्हणून दरवर्षी त्याच जेवायला यायच्या. “वैजयंती, मी नही येत व! जेठाच्या सुनेले पोरगी झाली. सोयर लागलं आमाले, कशी जेवू तुमच्याघरी?”

गल्लीतल्या बाकीच्या बाया आधीच कुठे कुठे ठरलेल्या. रघुनाथराव डाव हातात घेऊन उभेच राहिले. मग म्हणाले, “मंग तूच बस.”

“मी?”

“तूबी तं सवाष्णच हायेस.”

कमलाबाईंच्या फोटोखाली पाट मांडला होता, रांगोळी घातली होती. वैजयंती बसली. रघुनाथरावांनी वाढलं. वडे, पुरी, वाटी भरून खीर.

“अजून घे.”

“पुरे.”

“असं नही चालत. पोटभर जेव.”

उभ्या जन्मात तिला कुणी असा आग्रह केला नव्हता, आणि हाही तिला नव्हताच. वाढणाऱ्याची नजर फोटोवरून हलत नव्हती. खीर खरोखरच सुरेख झाली होती, त्याचाही तिला राग आला. वाटी सारून उठावं असं एकदा मनात आलं; पण मागूनही खीर न मिळालेल्या बाईच्या वाटचं होतं ते, टाकवेना. तिनं वाटी निपटून खाल्ली.

रघुनाथराव आत गेले आणि ताटलीत गार खिचडी घेऊन बाहेर आले. तिच्या समोर फरशीवरच बसले.

“अहो, माझं होऊ द्यायचं होतं आधी.”

“एकट्याच्यानं हे गळ्याखाली नही उतरत,” ते खाली मान घालून म्हणाले. “रोज तू संगे खातेस, म्हणून जाते.”

आपणही भात सोडलाय, हे या माणसानं पाहिलं होतं तर.

दोन घास झाले आणि रघुनाथरावांचा हात हळूच खिरीच्या पातेल्याकडे गेला. “एक चमचा घेतो. प्रसाद हाये.”

वैजयंतीनं डाव्या हातानं पातेलं ओढलं आणि आपल्या पाटामागे ठेवलं.

“नही.”

रघुनाथराव पुन्हा खिचडी खाऊ लागले.

तिनं मान वर करून फोटोकडे पाहिलं. कमलाबाई, तुमच्या वाटची खीर मी जेवले. पण माणूस इतक्यात मिळायचा नाही तुम्हाला.

“खिचडी हाये अजून पातेल्यात,” ती म्हणाली. “घ्या.”