खिडकीकडची सुपारी

डॉक्टर श्रीकांत मिरीकर म्हणजे फॉर्म भरण्यासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. लंडनजवळच्या वॉटफर्डला राहून छत्तीस वर्षं त्यांनी लोकांची हाडं जोडली, पण जीव खरा रमायचा तो छोट्या छोट्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करण्यात. कौन्सिलचा फॉर्म असो की लायब्ररीचा, काळी शाई, कॅपिटल अक्षरं, रेषेला कुठं स्पर्श नाही. असा माणूस पृथ्वीच्या पार दक्षिणेला, परक्या देशाच्या सरहद्दीवर, खोटा फॉर्म भरला म्हणून पकडला जाईल असं कुणी सांगितलं असतं तर त्यांची बायकोच सगळ्यात मोठ्यानं हसली असती. आणि गंमत म्हणजे ते पकडले गेले तेही तिच्याचपायी.

या सहलीचं मूळ कॉर्नवॉलमध्ये होतं. चौऱ्याण्णव साली श्रीकांतराव, बायको सुप्रभा आणि चिमुरडी लेक देवयानी इंग्लंडचं टोक, लँड्स एंड, बघायला निघाली होती. जमीन संपते म्हणजे नक्की काय होतं, हे सुप्रभाला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पेन्झान्सला चहाला थांबली, टोक उरलं दहा मैलांवर, आणि श्रीकांतरावांनी कुणी विचारलेलं नसताना फोनबूथमध्ये शिरून हॉस्पिटलच्या वॉर्डला फोन लावला. त्यांच्या एका पेशंटला ताप भरला होता. ड्यूटीवर दुसरे डॉक्टर होते, चांगले होते, तरी यांनी गाडी वळवली ती थेट वॉटफर्डकडे. "असू दे," सुप्रभा म्हणाली होती, "टोक काय पळून जातंय?"

टोक खरंच पळून गेलं नाही, पण ही दोघंही परत तिकडे फिरकली नाहीत. लग्न असो, नाटक असो, मंडळाचा गणपती असो, श्रीकांतरावांचं एकच वाक्य ठरलेलं: "तू हो पुढे, मी आलोच." ती पुढे व्हायची. हे यायचे आरतीचं ताट विझल्यावर, नाहीतर यायचेच नाहीत. सुप्रभानं कधी आकांडतांडव केलं नाही, आणि माणसाला ते आकांडतांडवापेक्षा जास्त टोचतं, हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं. तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं, "कुठं जायचं तुला?"

"टोकालाच," ती म्हणाली. "पण आता एवढ्याशा इंग्लंडचं नको. चांगल्या मोठ्या खंडाचं हवं."

नकाशे काढले गेले. अर्जेंटिनातून बसनं दक्षिणेला उतरत जायचं, वाटेत थोडा चिलीचा मुलूख ओलांडायचा, सामुद्रधुनी बोटीनं पार करायची आणि शेवटच्या बेटावर, जिथं रस्ताच संपतो तिथं जाऊन उभं राहायचं. विमान नको, हा सुप्रभाचा हट्ट. जमीन हळूहळू संपताना दिसली पाहिजे, आणि तीही खिडकीतून. फेब्रुवारीची तिकिटं झाली. आणि जानेवारीत हॅरोच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं असताना, तिळगूळ वाटता वाटता ती स्टेजच्या पायरीवरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. हाडांच्या डॉक्टरच्या बायकोनं मुहूर्त कसा साधावा, तो असा.

"कॅन्सल करू," श्रीकांतराव प्लास्टरकडे बघत म्हणाले.

"अजिबात नाही. तुम्ही जा. देवयानी मेडनहेडहून येतेय, लॅपटॉप इथं लावेल आणि माझंही करेल."

"तुझ्याशिवाय मी एकटा काय बघू तिथं?"

"एकटं कोण जायला सांगतंय? देवघरातली सुपारी आणा बघू एक. चांगली बघून आणा, किडकी नको."

त्यांनी आणली. सुप्रभानं तिला हळदीकुंकू लावलं आणि त्यांच्या हातावर ठेवली. "आई आजारी होत्या तेव्हा सत्यनारायणाला बाबा कसे बसले होते?"

कसे बसले होते ते श्रीकांतरावांना लख्ख आठवत होतं. पूजेला बायको शेजारी हवी. ती येऊ शकत नसेल तर नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचायची आणि ती तिथं आहे असं समजून बसायचं. बाबा तसेच बसले होते.

"ही मी," सुप्रभा म्हणाली. "हिला टोक दाखवून आणा. आणि खिडकीकडे बसवा, तुमची सवय मला माहितेय."

तर असे निघाले श्रीकांतराव. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डिंकाचे लाडू, चकल्या आणि मेतकुटानं भरलेला डबा, डोक्यावर सुप्रभानं विणलेली पिवळी-काळी टोपी, वॉटफर्डच्या फुटबॉल टीमच्या रंगांची, आणि कमरेच्या पाऊचमध्ये सुपारी. तिकिटं दोघांची होतीच, तेव्हा प्रत्येक बसमध्ये खिडकीकडच्या सीटवर रुमाल अंथरला जाई आणि त्यावर सुपारी विराजमान होई. एकदा कंडक्टरनं तिथं एका बाईंना बसवायला बघितलं, तर श्रीकांतरावांनी दोन्ही तिकिटं पुढं धरली आणि सुपारीकडे बोट दाखवलं. कंडक्टरनं सुपारीकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं, आणि बाईंना मागं नेऊन बसवलं.

आणि खिडकीबाहेर काय होतं? पहिले दोन दिवस काहीच नाही, असं त्यांना वाटलं. सपाट, भुरकट माळ, गुडघ्याएवढी काटेरी झुडपं, तारेचं कुंपण, आणि वारा. वारा तर असा की बसनं वळण घेतलं की सगळी एका अंगाला कलायची. पण तिसऱ्या दिवशी डोळे सरावले. माळ एकरंगी नव्हता, त्यात पंधरा तऱ्हेचे पिवळे होते. आभाळ खाली जमिनीला टेकेपर्यंत पुरलं होतं. मधेच मानेची लांबी मिरवत ग्वानाको उभे असायचे, उंटाचे ते सडपातळ चुलतभाऊ. सिग्नल मिळाला की श्रीकांतराव मेसेज टाकायचे: "आत्ता तू ग्वानाकोंचा कळप बघितलास."

"बघितला," वॉटफर्डहून उत्तर यायचं. "शेवटचा लंगडत होता. तुम्ही लक्ष दिलं नाहीत वाटतं."

रिओ गायेगोस हे अर्जेंटिनाच्या मुख्य भूमीवरचं शेवटचं मोठं गाव. तिथं त्यांना कळलं की चिलीत खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत. फळं, बिया, काहीही चालत नाही, तिथल्या शेतीला कीड लागेल म्हणून. नियम म्हणजे नियम. श्रीकांतरावांनी सकाळी बसमध्ये डबा उघडला आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत चकल्या आणि लाडू वाटले. लोकांनी आधी वास घेतला, मग चावले, मग दुसरा मागितला. ड्रायव्हरनं तीन खाल्ले. मेतकूट मात्र कुणाला समजेना, ते त्यांनी स्टँडवरच्या बाईला दिलं आणि भातावर घे असं हातवारे करून सांगितलं. डबा धुऊन, पुसून, कोरडा करून त्यांनी सरहद्दीचा फॉर्म हातात घेतला. "फळं, बिया किंवा वनस्पतींपासून बनलेलं काही जवळ आहे का?" काळ्या शाईनं त्यांनी खूण केली: नाही.

तासाभरानं सरहद्द आली. माळावर एकच लांबट इमारत आणि वाऱ्यानं फडफडून चिंध्या व्हायला आलेला झेंडा. प्रवासी रांगेत उभे राहिले, सामान जमिनीवर ठेवलं गेलं, आणि एक तपकिरी कुत्रा हुंगत हुंगत निघाला. धुतलेल्या डब्याशी तो क्षणभर रेंगाळला, श्रीकांतरावांना अभिमान वाटला, आणि मग तो त्यांच्या कमरेपाशी येऊन शांतपणे खाली बसला.

पाऊच उघडला गेला. पन्नाशीच्या एक अधिकारी बाई होत्या, त्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. त्यांनी सुपारी बोटांत धरून विचारलं, "हे काय आहे?"

साऱ्या आयुष्यात श्रीकांतराव सरकारी माणसाशी खोटं बोललेले नव्हते. "माझी बायको," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा हलला नाही. "मला तर ही बी दिसते."

बी. तो शब्द ऐकला आणि श्रीकांतरावांना फॉर्मवरची आपली खूण आठवली. वॉटफर्डपासून इथवर रोज त्यांनी तिला रुमालावर बसवलं होतं, गुड मॉर्निंग म्हटलं होतं, आणि ती झाडावर लागते हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्यांनी प्लास्टरपासून सत्यनारायणापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही.

"तुमची बायको स्वतः आली तर तिला आनंदानं आत घेऊ," त्या म्हणाल्या. "बीला येता येणार नाही. एक तर ती त्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची, आम्ही जाळून टाकू, आणि तुम्ही पुढे जायचं. नाहीतर तिला घेऊन मागं फिरायचं. दहा मिनिटांत सांगा, बस थांबलीय."

त्यांनी सुप्रभाला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली. पलीकडून देवयानीचंही हसणं आलं.

"अहो, टाका ती डब्यात," सुप्रभा म्हणाली. "घरी डबाभर आहेत. टोक आलंय ना जवळ? तुम्ही व्हा पुढे."

तुम्ही व्हा पुढे. हसत म्हणाली, मनापासून म्हणाली, आणि श्रीकांतरावांना आपलंच वाक्य चाळीस वर्षांनी आपल्या कानात पडल्यासारखं झालं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ज्याचे तीन लाडू खाऊन झाले होते, तो माणूस हॉर्न वाजवत होता. श्रीकांतरावांना आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग राग गेला आणि डोकं एकदम स्वच्छ झालं.

"नाही," ते म्हणाले. "टोक काय पळून जातंय?"

अधिकारी बाईंकडून सुपारी परत घेऊन त्यांनी ती पाऊचमध्ये ठेवली. बस त्यांच्याशिवाय गेली.

सरहद्दीवरच्या बाईंनीच त्यांना परतीची सोय करून दिली. एक मेंढ्यांचा मालक, वयानं यांच्याएवढाच, आपला पिकअप घेऊन गायेगोसकडे निघाला होता. फोनमधल्या भाषांतराच्या भरवशावर दोघांचं बोलणं सुरू झालं. म्हातारा तासभर विचार करत होता, आणि मग त्यानं फोनला काहीतरी सांगितलं. फोन मराठीत म्हणाला, "बेटावरचं टोक रस्त्याचं आहे. जमिनीचं टोक माझ्या शेताच्या पुढे आहे. तिथं जायला सरहद्द लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यांना घेऊन निघाला. खडीचा रस्ता, दोन्हीकडे मेंढ्या, आणि शंभरएक किलोमीटर एकही घर नाही म्हटलं तरी चालेल. "दार दोन्ही हातांनी धरून उघडा," म्हाताऱ्यानं फोनकडून बजावलं, "गेल्या वर्षी एकाचं दार निघून समुद्रात गेलं." काबो विर्हेनेस या भूशिराच्या कड्यावर एक दीपगृह होतं, खाली सामुद्रधुनीचं तोंड आणि डावीकडे अख्खा अटलांटिक. किनाऱ्याच्या झुडपांत पेंग्विनच पेंग्विन होते, हजारोंनी, आणि सगळे एकाच वेळी तक्रार करत होते.

श्रीकांतराव अगदी कडेपर्यंत गेले. जमीन संपत होती. कसलाही गाजावाजा नाही, गवत होतं आणि मग नव्हतं. त्यांनी मूठ उघडली, सुपारीला समुद्राकडे तोंड करून धरलं आणि म्हणाले, "बघ, आलं." आणि त्यांना रडू फुटलं. तेवढ्यात वाऱ्यानं टोपी उचलली, आणि वॉटफर्डचे रंग सामुद्रधुनीवरून थेट चिलीकडे निघाले, फॉर्म न भरता. रडता रडता श्रीकांतराव खो खो हसायला लागले. म्हातारा आधी घाबरला, मग तोही हसला.

वॉटफर्डला परतले तेव्हा सुप्रभा कुबड्यांवर दारापर्यंत आली होती. चहा झाला, फोटो झाले, टोपीबद्दल बोलणी खाऊन झाली. मग तिनं हात पुढं केला. त्यांनी रुमाल सोडून सुपारी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती धुतली, पुसली, आणि ड्रॉवरमधून अडकित्ता काढला.

"अगं, काय करतेस?" श्रीकांतराव खुर्चीतून उठलेच. "जिच्यासाठी मी बस सोडली ती..."

"ती माझ्या जागी होती ना?" सुप्रभा म्हणाली. "आता माझी जागा मला हवी. पुढच्या फेब्रुवारीत, बस जिथं गेली तिथं. खिडकीकडे मी." अडकित्ता वाजला आणि सुपारीची दोन शकलं झाली. "आणि त्याआधी, प्लास्टर निघालं की, पेन्झान्सच्या पुढचे दहा मैल. फोन घरी ठेवायचा."

श्रीकांतरावांनी खिशातला फोन काढला आणि आत्तापासूनच फ्रिजवर ठेवून दिला. तिनं दिलेलं अर्धं खांड तोंडात टाकलं. नवा बसवलेला दात डाव्या बाजूला होता, म्हणून त्यांनी ते उजवीकडे घेतलं आणि दोघं बराच वेळ चघळत बसली.