सहीच्या मागची ड्रुसिला

बड्या धेंडांच्या सह्यांचं एन्सन टटलला काडीचं कौतुक नव्हतं. त्याला हवे असत हरलेले उमेदवार, एकदाच निवडून आलेले आमदार. "ज्यांचं नाव अख्ख्या व्हरमाँट राज्यात कुणी घेत नाही, त्यांना मी सांभाळतो," असं तो छाती फुगवून सांगे. गव्हर्नरच्या निवडणुकीत आपटलेल्या व्हीलॉकच्या सहीसाठी तर त्याने जिवाचं रान केलं होतं. शेवटी ती सापडली शेजारच्या फीबीकाकूंच्या घरात! सुनेने साफसफाईत काढून दिलेल्या जुन्या सह्यांच्या वहीत. एन्सनने रिवाजाप्रमाणे सहीभोवती कात्री फिरवली, मागे खळ फासली आणि आपल्या अल्बममध्ये चिकटवली.

आठवड्याभरात फीबीकाकू काठी टेकत दारात हजर.

"एन्सन, त्या सहीच्या मागे आमच्या ड्रुसिलाचं नाव आहे रे. पेन्सिलीने लिहिलेलं. व्हीलॉकसाहेब जेवायला आले होते, त्यांनी सही केली म्हणून हिनेही हट्टाने केली. एवढीशी होती माझी बहीण. त्याच हिवाळ्यात घटसर्पाने गेली. तिचं दुसरं काही नाही माझ्याकडे. फोटोसुद्धा नाही."

"काकू, आधी नाही का सांगायचं!"

"मला विचारलं होतं कुणी?"

मागचं गिरगटलेलं एन्सनने पाहिलं होतं की! पण पोरासोरांच्या रेघोट्यांकडे बघतो कोण? आता खळ भिजवल्याशिवाय सुटायची नाही, आणि पाणी लागलं की व्हीलॉक गेलाच.

"उद्या या ना," तो पुटपुटला.

"माझ्या वयाला उद्याच्या गोष्टी सांगतोस? शहाणाच आहेस."

त्याने निमूटपणे अल्बमचं पान कापलं आणि परातीतल्या कोमट पाण्यात सोडलं. व्हीलॉकची शाई हळूहळू विरघळायला लागली. एन्सनला अक्षरशः रडू फुटलं, पण त्याने हात मागे घेतला नाही. खळ सुटली. त्याने कपटा अलगद उलटा केला. पेन्सिलीला काही झालं नव्हतं.

काकूंनी तो तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. मोठाली, वाकडीतिकडी अक्षरं. "ड्रुसि". तिथेच कागद संपत होता.

"आणि पुढचं?" काकूंनी विचारलं. "पुढचं कुठाय रे?"

एन्सनने शेगडीकडे पाहिलं. कापून उरलेले तुकडे तो नेहमी तिच्यातच टाकत असे.