पंख्यावरचा थर

लॅबमध्ये दिवसभर लोकांची थुंकी, लघवी आणि त्याहून वाईट जिन्नस तपासणाऱ्या बाईला किळस म्हणून काही उरत नाही, असा तिच्या घरच्यांचा समज होता. तिचाही होता. त्या रविवारी घरच्या संगणकाने तो मोडीत काढला.

संगणक जुना, त्यातली सिस्टिम त्याहून जुनी. लेकीच्या शाळेचं काही म्हणता काही त्यावर उघडेना, म्हणून धाकटे दीर नवी सिस्टिम टाकायला आले. पण काम निम्म्यावर आलं की यंत्र गपकन मान टाकायचं. दोनदा तेच झालं.

“तापतोय हा,” भावोजी म्हणाले. “वहिनी, ह्याला नवी सिस्टिम नको, कपाळावर गार पाण्याच्या घड्या हव्यात. स्क्रू ड्रायव्हर आणा.”

बाजूचा पत्रा निघाला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर तपकिरी, चिकट थर चढला होता आणि त्यात धूळ रुतून बसली होती. भावोजींनी बोट लावलं आणि “शी!” म्हणत ते आपल्याच पँटला पुसलं.

तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एका पात्यावरून फिरवला. तो काळ्या चहाच्या रंगाचा झाला. स्पिरिट उडून गेल्यावर तिने तो हुंगला. शिळ्या सिगारेटचा वास थेट डोक्यात गेला.

“भावोजी, हा पंखा तुम्हीच बसवला होतात ना?”

“हो. जुना मांजराच्या केसांनी जाम झाला होता. मांजर गेलं आणि लगेच...” बोलता बोलता त्यांची जीभ अडखळली. “म्हणजे, स्वयंपाकघरातला धूरही असेल, वहिनी.”

“स्वयंपाकघर त्या टोकाला आहे.”

लेकीला धाप लागायची. डॉक्टरांनी घरातली सिगारेट बंद करायला आणि मांजर काही दिवस दूर ठेवून बघायला सांगितलं होतं. नवऱ्याने लेकीची शपथ घेऊन सिगारेट सोडली. त्यानंतर मांजर नणंदेकडे गेलं, आणि हा पंखा त्याच्याही नंतरचा. लेक आठवडाभर धड जेवली नाही, आणि धाप होती तिथेच राहिली. मग गालिचा गेला, उशा बदलल्या, पडदे उकळून निघाले. नवरा दर वेळी पेपरमिंटची गोळी चघळत म्हणायचा, “त्या मांजराचे केस अजून कुठेतरी असणार.” आणि लेक रोज ह्याच खोलीत, ह्याच टेबलाशी अभ्यासाला बसायची.

“झालं का रे?” नवरा टॉवेलने डोकं पुसत आत आला.

तिने कापूस पुढे केला. “हुंगा.”

“अगं, धूळ आहे ती.”

“हुंगा म्हणते ना.”

त्याने तोंड फिरवलं. “कधीमधी एखादी. तुम्ही दोघी घरात नसताना. खिडकी उघडी ठेवून.”

“दादा, एखादीने एवढं होत नाही रे,” भावोजी पुटपुटले.

तिने स्पिरिटची बाटली नवऱ्याच्या हातात दिली. “पुसा.”

दोन पाती पुसून होताहेत तोवर त्याला उमासे यायला लागले. तिला त्याची जराही दया आली नाही.

आवाज ऐकून लेक दारात आली. तिचा श्वास नेहमीसारखा सूं सूं वाजत होता. “ई! बाबा, हे कसलं?”

आईने उत्तर मुद्दाम नवऱ्यावर सोडलं. आता तरी हा खरं बोलेल, असं तिला वाटत होतं.

“मांजराचं आहे, बाळा,” तो म्हणाला. “बघ, म्हणूनच त्याला पाठवावं लागलं.”

लेकीने मान खाली घातली, जसं काही ते सगळं तिनेच केलं होतं.

लॅबमधल्या कुठल्याही बाटलीतल्या घाणीने जे केलं नव्हतं ते ह्या एका वाक्याने केलं. तिच्या घशाशी आंबट आलं. ती बेसिनवर गेली, चूळ भरली आणि परत आली.

“बाबा खोटं बोलताहेत. हा सिगारेटचा धूर आहे. चप्पल घाल, आत्याकडे जायचंय. मांजराची टोपली घे.”

“मांजर आणायचं? पण माझी धाप?”

“मांजर जाऊनही ती राहिलीच ना? आता धूर घालवून बघू.” मग ती दिरांकडे वळली. “भावोजी, पंखा साफ झाला की सिस्टिम परत चालू करा.”

“अगं, ऐक तरी...” नवरा म्हणाला.

“आम्ही यायच्या आत तुझी गादी गॅलरीत टाक,” ती म्हणाली.

भावोजींच्या हातातला स्क्रू खाली पडला. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला अरे-तुरे केलेलं कोणी ऐकलं नव्हतं.