तिसऱ्या टेबलावरचे काका

ऑफिसवर विनोदी मालिका लिहिणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवा. पहिला भाग मी सात वेळा लिहिला. चॅनेलच्या प्रियंकाचं दरवेळी एकच पालुपद, "शर्मिष्ठा, छान आहे यार, पण ऑफिस खरं वाटत नाही ना." दुसरा भागही तिला खोटाच वाटला. आता मरोळच्या स्टुडिओत तिसऱ्याचं शूटिंग चालू होतं आणि चार वाजता ती स्वतः बघायला येणार होती. हसली नाही, तर मालिका बंद. आयुष्यातली माझी पहिली मालिका.

सीन साधा होता. सरकारी कचेरी, टेबलांवर फायलींचा ढिगारा, आणि त्यात एक कागद शोधणारा साहेब. फायली भंगारवाल्याकडून पोत्यांनी आणलेल्या. अर्धा सीन झाला, जेवणाची सुट्टी झाली आणि परत येऊन बघतो तर ढिगारा गायब! सगळ्या फायली सालवार लावून, सुतळीनं बांधून कपाटात.

"कोणी केलं हे?" दिग्दर्शक राजेश किंचाळला. "अर्धा सीन पसाऱ्यात, अर्धा टापटिपीत? वाट लागली!"

तिसऱ्या टेबलावरचे दशरथकाका उभे राहिले. दहिसरहून येणारे निवृत्त हेडक्लार्क. मागे नुसतं कारकून म्हणून दिसायला आणलेले. "एकोणऐंशीच्या गठ्ठ्यात त्र्याण्णवचे कागद होते, म्हटलं जरा..."

माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्हाला काम करायला सांगितलं होतं का कोणी? बाकीचे बसलेत ना गप्प? मग तुम्हालाच काय झालं?"

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमचे साहेबही हेच ओरडायचे. एकतीस वर्षं."

आधी लाइटवाला बाळा हसला, मग सगळा सेट हसला. मी नाही हसले. वडिलांच्या वयाच्या माणसावर चारचौघांत ओरडले होते, त्याची लाज वाटत होती. पण अडीच वाजले होते. मी खाली बसले आणि लिहिलं: जेवून आलेल्या साहेबाला कचेरी टापटीप दिसते आणि तो भडकतो. त्याच्या तोंडी माझी मघाची वाक्यं, काकांच्या तोंडी काकांचं.

"कॅमेऱ्यासमोर बोलाल का, काका?"

"साहेबांसमोर कधी बोललो नाही," ते म्हणाले. "आता बोलतो."

चार वाजता आलेली प्रियंका तो सीन बघून डोळे पुसेपर्यंत हसली. "काका झकासच! पण तो साहेब, शर्मिष्ठा! असा खडूस माणूस किती खरा लिहिलायस गं! त्याचा एक शब्दही बदलू नकोस हां. कुठून सुचला?"

काका शेजारीच सुतळीला गाठ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "असंच, सुचला."