मामाचं मुख्य कार्यालय

मामा सकाळी टेम्पोतून एक टेबल, एक खुर्ची आणि एक पाटी घेऊन आला आणि आमच्या ओसरीत बसला. टेबलावर काहीच नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं 'मुख्य कार्यालय'. मुख्य कार्यालयाखाली आमची मांजर झोपली होती, ती तशीच झोपून राहिली.

"हे काय?" आई शिलाई मशीनवरून न उठता म्हणाली.

"ऑफिस. अर्धं घर माझं आहे, विसरू नकोस."

"आई-बाबा आजारी होते तेव्हा कुठलं अर्धं होतं?"

मामाने खुर्ची वर-खाली करून पाहिली.

सरकारी दवाखान्याच्या चादरी शिवायचं टेंडर निघालं होतं. मागास वस्तीत ज्यांचं काम खरोखर चालतं, त्या छोट्या धंद्यांना प्राधान्य होतं. आमची वस्ती मागासपणात सगळ्यांच्या पुढे होती. हे काम हुकलं तर आईचं शिवणघर बंद आणि शिवणाऱ्या बायका घरी. मामानेही अर्ज भरला होता, पण त्याचा कारखाना नदीपलीकडे होता. नदीपलीकडे मागासपणाची फार टंचाई होती.

दुपारी तपासनीस साहेब आले. आईची मशीनं पाहिली, बायकांशी बोलले, मग ओसरीत आले.

"इथून धंदा चालवता?"

"रोज. नऊ ते सहा," मामा म्हणाला. "ही गल्ली म्हणजे माझा श्वास."

साहेब चहा प्यायले आणि त्यांना गल्लीतल्या सार्वजनिक संडासात जावं लागलं. आई म्हणाली, "कडी नाहीये. आत असेपर्यंत गात राहा, म्हणजे कोणी येत नाही."

साहेबांना गाणं येत नव्हतं. त्यांनी टेंडरच्या अटी म्हणायला सुरुवात केली. खणखणीत आवाजात, चालीवर. गल्लीतली माणसं शहाण्यासारखी बाहेर थांबली. इतक्यात मामा कानाला फोन लावून आला, रांग ओलांडून पुढे गेला आणि अनामत रकमेची अट चालू असताना त्याने दार सताड उघडलं.

गल्लीने तसा आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

बाहेर आल्यावर साहेबांनी ओसरीत येऊन हात धुतले, पुसले, आणि मामाला विचारलं, "रोज, नऊ ते सहा?"

"मी... घरून आवरून येतो."

"तुम्ही बाद."

मामाचा चेहरा आधी पडला आणि मग उजळला. उजळला तेव्हा मला भीती वाटली.

"मग हिलाही बाद करा," तो म्हणाला. "सख्खी बहीण आहे माझी. एका घरातले धंदे एकत्र मोजायचे, ही तुमचीच अट. आम्ही दोघं मिळून छोटे उरत नाही."

इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा बहीण म्हटलं होतं.

साहेब आईकडे वळले. "खरं?"

"बघा ना, किती प्रेम आहे," आई म्हणाली. "विचारा त्याला, शेवटचा कधी आला होता."

मामा आठवू लागला. आठवणं लांबत गेलं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा कोण?"

"भाचा!"

"नाव?"

मामाने मला खालून वर पाहिलं, जणू कुठेतरी लेबल लावलेलं असेल. बायकांची मशीनं थांबली. शेवटी तो म्हणाला, "बाळ्या."

त्याने नुसता अंदाज मारला होता. आणि मला जन्मापासून सगळे बाळ्याच म्हणतात.

साहेबांनी मला विचारलं, "बरोबर?"

"नाही," मी म्हणालो. "हे गृहस्थ कोण आहेत, मला माहीत नाही. सकाळी टेबल विकायला आले होते."

मामा माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत मी त्याचा भाचा शोभत होतो.

साहेबांनी आईच्या नावापुढे खूण केली आणि ते आत चादरींचा नमुना बघायला गेले. बराच वेळ बघत बसले. तोपर्यंत आईने मला एकदाही नावाने हाक मारली नाही.

"अहो," शेवटी ती मला म्हणाली, "जरा ते कापडाचे तागे आत आणता का?"