कुलपातला वाटाणा

कागद हातात पडला तेव्हा म्हाळसाबाई डाळीला फोडणी देत होत्या. चष्मा वाफेनं धुरकटला होता, म्हणून त्यांनी कागद तसाच फरहानाकडं दिला. फरहाना नववीतली, धाराशिवच्या त्या मुलींच्या वसतिगृहात चाळीस जणी होत्या, त्यांत वाचायला सगळ्यात पटाईत. तिनं आधी मनातल्या मनात नजर फिरवली आणि म्हणाली, "मावशी, हे नका ना मला वाचायला लावू."

"वाच म्हणते न्हवं."

"'सोमवारी आपल्या निष्काळजीपणामुळे आठ विद्यार्थिनींना उलट्या झाल्या. आपणांस कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा येत्या सोमवारी अकरा वाजता संस्थेच्या अध्यक्षांसमोर करावा.' खाली अधीक्षक म्हणून आण्णासाहेबांची सही आहे."

फोडणी जळाली. सतरा वर्षं त्या या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, पण फोडणी जळण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी पळी मोरीत भिरकावली. तिच्या आवाजानं भाकरी थापणाऱ्या दोन्ही बाया दचकल्या.

"निष्काळजी!" म्हाळसाबाई म्हणाल्या. "पोरींच्या ताटातला केस न् केस बघणारी म्या निष्काळजी!"

राग कागदाचा होताच. पण त्याच्याखाली दुसरा एक राग होता आणि तो त्यांना जास्त पोळत होता. आठवीतली समृद्धी दोन दिवस सलाईनवर होती. परत आल्यावर तिनं म्हाळसाबाईंच्या हातचं ताट बाजूला सरकवलं होतं.

हे सगळं सुरू झालं ते फ्रीजरपासून. मार्च संपला की बाजारात येणारी भाजी निम्मी वाळलेली असायची. मग दीड-दोन महिने मुलींच्या ताटात बटाटा, नाहीतर नुसतं वरण. यंदाच्या तपासणीत निम्म्या मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. ते ऐकून वसतिगृहातच शिकून पुण्याला गेलेल्या एका बाईनं मोठा फ्रीजर पाठवला. नवा नव्हता, झाकणाचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, पण चालायचा चांगला. सोबत गोठवलेला वाटाणा, मका, पालक, आणि डब्यातले काबुली चणे, राजमा, टोमॅटो.

"बर्फातली भाजी? त्यात कसला आलाय जीव," असं म्हाळसाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण शिकायचं म्हटलं की त्या मागं हटत नसत. फरहानानं पाकिटावरचं वाचायचं, त्यांनी करून बघायचं आणि मग चार-चार मुलींना शेजारी उभं करून शिकवायचं. डब्यातल्या चण्याचं पाणी ओतून टाका, चणे तीनदा धुवा, त्यात मीठ मुरलेलं असतं. फुगलेला डबा असला तर उघडायचाही नाही, फेकायचा. पालक वितळायला बाहेर ठेवू नका, तसाच उकळत्या वरणात सोडा. मका ज्वारीच्या कण्यांत घाला. वाटाणा सगळ्यात शेवटी टाका, आधीच टाकला तर रंगही जातो आणि सत्त्वही.

"आणि पाकीट हलवून बघायचं," त्या सांगायच्या. "सुपातल्या जोंधळ्यागत खुळखुळलं पायजे."

मुली पाकीट कानाशी धरून हलवायच्या आणि हसायच्या. समृद्धी तर दोन पाकिटं घेऊन नाचायची.

फ्रीजर मात्र स्वयंपाकघरात आलाच नाही. अधीक्षक आण्णासाहेबांनी तो आपल्या कचेरीत ठेवून घेतला आणि वर कुलूप घातलं. म्हाळसाबाई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या, पण ते त्यांना अगंतुगं करत.

"म्हाळसा, तुझ्यावर संशय नाही गं. पण स्वयंपाकघर म्हणजे दहा जणींचा वावर. वाटाण्याला पाय फुटतात. रोज सकाळी लागेल तेवढं मी काढून देईन."

"आण्णासाहेब, सतरा वर्सांत साखरंला पाय फुटले न्हाईत."

"तेच म्हणतोय मी. फुटायच्या आधीच कुलूप लावलेलं बरं."

त्या दिवशी म्हाळसाबाई गप्प बसल्या. तेच आता आठवून त्यांचं डोकं तडकत होतं. गेल्या सोमवारी मिळालेलं पाकीट खुळखुळलं नव्हतं. बाहेरून पाणी सुटलेलं, पण आत विटेसारखा एकच गोळा होता. फोडला तर आंबूस वास आला. त्या पाकीट घेऊन परत कचेरीत गेल्या होत्या.

"कंपनीचा माल आहे," आण्णासाहेब मान वर न करता म्हणाले होते. "वास असतोच. तुला काय कळतंय त्यातलं? कर उसळ."

आणि त्यांनी केली होती. नेहमीसारखा वाटाणा शेवटी टाकून, दोन मिनिटांत उतरवलेली.

खुलाशात काय सांगायचं ते कळेना, म्हणून गुरुवारी दुपारी त्यांनी कचऱ्यातून एक रिकामं पाकीट काढलं आणि फरहानाला म्हणाल्या, "हे समदं वाच. बारीक अक्षर बी."

फरहाना वाचत गेली. शेवटी म्हणाली, "'एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये.'"

म्हाळसाबाईंचा हात थांबला. वितळून पुन्हा गोठलं तरच दाण्यांचा गोळा होणार. आणि दर सोमवारी फ्रीजरखाली पाणी साचलेलं असायचं. गेले तीन सोमवार आण्णासाहेब त्यांना हाक मारून सांगत होते, "म्हाळसा, जरा फडकं मार इथं." आणि त्या वाकून मुकाट्यानं पुसत होत्या.

"म्या पुसलं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं."

"पण मावशी, कोण मानणार? आण्णासाहेब म्हणतील, फ्रीजर चांगला चालतोय. आत्ता बघितलं तर बर्फच दिसतो."

म्हाळसाबाईंना बेंबळी गावातली सासू आठवली. घरात मेंढरं, दोन म्हशी, तुपाचं गाडगं. थंडीत तूप घट्ट झालं की सासू त्याच्यावर एक चिंचोका ठेवायची. सुनेनं गाडगं चुलीपाशी नेऊन पातळ तूप ओतून घेतलं, तर चिंचोका तळाला जाणार. तूप पुन्हा घट्ट झालं तरी तो वर येत नाही. त्या चिंचोक्यापायी म्हाळसाबाई नव्या नवरीच्या वयात कितीतरी रडल्या होत्या. तूप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पण रोज सकाळी सासूच्या आधी त्यांचाच जीव गाडग्यात डोकावायचा.

"फरहाना," त्या म्हणाल्या, "चिंचंच्या बरणीतला एक चिंचोका धुऊन आण."

शनिवारी सकाळी सामान घ्यायला गेल्यावर त्यांनी पाण्यानं भरलेली स्टीलची वाटी फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवली.

"हे काय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"सोमवारी अध्यक्षीणबाई यायच्यात. सरबताला बर्फ नको का?"

"वा! बरं सुचलं तुला." ते खूश झाले.

संध्याकाळी, कचेरी बंद व्हायच्या वेळी, बर्फ झाला का बघायला म्हणून त्या फरहानाला घेऊन पुन्हा गेल्या. वाटी दगडासारखी झाली होती. आण्णासाहेब दप्तर आवरत होते. म्हाळसाबाईंनी पदराच्या गाठीतला चिंचोका काढून बर्फावर ठेवला आणि झाकण लावलं. आण्णासाहेबांनी कुलूप घातलं, ओढून बघितलं. मग दाराशी गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पंखा बंद झाला, दिवा गेला, आणि फ्रीजरची घरघरही थांबली.

"हे बंद करता व्हय?" म्हाळसाबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना.

"रोज करतो. शॉर्ट सर्किट झालं तर? आधीच्या कचेरीत माझ्या डोळ्यांदेखत कपाटं जळालीत. तेव्हापासून कुलूप लावायचं नि मेन पाडायचा, हा नियम. तुला नाही कळायचं ते."

वसतिगृहाची वीज वेगळ्या मीटरवर होती, म्हणून आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रोजची रात्र, आणि शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, वर पत्रा तापणाऱ्या खोलीत तो फ्रीजर मुका बसायचा. म्हाळसाबाईंच्या तोंडावर शब्द आले होते. त्यांनी ते दातांत धरले. आत्ता बोललं तर हा माणूस स्विच वर करील, सोमवारी हसत कुलूप उघडील आणि कागद आपल्याच नावावर राहील.

रविवार त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. चणे तीनदा धुवायचे ते सहादा धुतले. भाकरी थापताना परातीत असे हात आपटत होत्या की मुली लांबूनच बघत होत्या. एकीनं हळूच विचारलं, "मावशी, आमच्यावर रागावलात?"

"तुमच्यावर न्हाय गं बाय. जेवा तुमी."

सोमवारी अकराला अध्यक्ष शिवकन्याताई आल्या. म्हाळसाबाई फरहानाला घेऊन कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. आण्णासाहेबांनी पंखा लावला, खुर्ची पुसली आणि स्वतःच सुरुवात केली. "ताई, माल एकदम चांगला. माझ्या देखरेखीखाली, कुलपात. चावी माझ्याशिवाय कुणाकडं नसते. बिघडलं ते स्वयंपाकघरात नेल्यावर."

"म्हाळसाबाई, तुमचं काय म्हणणं?" ताईंनी विचारलं.

"म्हणणं मागून. आधी ताईंना सरबत देऊ द्या. आण्णासाहेब, कुलूप काढा, बर्फ घ्यायचाय."

आण्णासाहेबांनी ऐटीत कुलूप काढलं. म्हाळसाबाईंनी आत हात घालून वाटी उचलली आणि टेबलावर ठेवली. पाणी हिंदकळून कागदांवर सांडलं. चिंचोका तळाला होता.

"शनवारी संध्याकाळी हा बर्फावर ठिवला होता. ही फरहाना साक्षीला हाय, तिनंच धुऊन दिला. कुलूप यांचं, चावी यांच्याकडं. मग पाणी कुणी केलं?"

आण्णासाहेब वाटीकडं बघत राहिले. "लाईट गेली असेल मधे..."

"लाईट गेली न्हाय. तुमी घालवली. रोज घालवता. त्यो मेन कोण पाडतंय?" आता त्यांचा आवाज अंगणापर्यंत जात होता आणि खिडकीशी मुली जमल्या होत्या. "आठ पोरी आडव्या पडल्या! स्वयंपाकघरात चोर हाईत म्हणून तुमी भाजी तुमच्या पायाशी ठिवली, आन् तिथंच नासवली!"

शिवकन्याताईंनी उठून स्विचकडं बघितलं. मग आण्णासाहेबांकडं. "तुम्ही खरंच रोज बंद करता?"

"ताई, सुरक्षिततेसाठी..."

"तो कागद मागं घ्या."

"मागं कशापायी?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "पोरींसमोर वाचा त्यो. नाव तेवढं बदला. आन् एक ओळ माझीबी लिवा. मला वास आला होता. यांनी कर म्हटलं आन् म्या केलं. मला तिथंच पातेलं पालथं करायला पायजे होतं."

फ्रीजरखालून पाण्याचा ओघळ आण्णासाहेबांच्या चपलेपर्यंत आला होता. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "म्हाळसा, जरा..."

म्हाळसाबाईंनी खांद्यावरचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.

दुपारी फ्रीजर स्वयंपाकघरात आला. आतलं सगळं म्हाळसाबाईंनी खड्डा करून पुरलं. आठवड्यानं नवीन पाकिटं आली तरी त्यांचा राग उतरला नव्हता. आण्णासाहेब आता "म्हाळसाबाई, तुम्ही" म्हणत होते, आणि त्या उत्तर देत नव्हत्या.

त्या दिवशी समृद्धीच्या ताटात त्यांनी वाटाणा वाढलाच नाही. नुसती पालकाची डाळ आणि भाकरी. ती बोटानं डाळ चाचपत होती, आत काही लपवलंय का म्हणून. ते बघून म्हाळसाबाईंना पुन्हा कचेरीत जाऊन ओरडावंसं वाटलं. त्यांनी ते गिळलं, फ्रीजर उघडला आणि एक पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"खाऊ नको. नुसतं हलवून सांग मला. तुझ्याबिगर उद्या फोडायची न्हाय म्या."

समृद्धीनं बराच वेळ पाकिटाला हात लावला नाही. मग उचलून कानाशी धरलं, एकदा हलवलं आणि थांबली. पुन्हा हलवलं.

"खुळखुळतंय," ती म्हणाली, आणि पाकीट परत ठेवून डाळ खायला लागली.