खो ऐकू येईपर्यंत

“पोरगी तापल्याशिवाय मैदानात सोडायची नाही, रत्ना.”

लोटन सरांचं ते जुनं वाक्य मनात घेऊनच रत्नाने मयुरीच्या पाठीत थाप मारली, आणि हात तिथेच राहिला. मयुरीची पाठ थरथरत होती.

जळगावच्या मैदानावर खो-खोच्या सामन्याचं मध्यंतर होतं. धुळ्याच्या मुली रत्नाच्या जळगाव संघापेक्षा पुढे होत्या. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार, आणि वयाच्या अटीमुळे मयुरीचं हे शेवटचं वर्ष. पहिल्या डावात ती पुन्हा पुन्हा खो मिळण्याआधीच बसल्या जागेवरून उठली होती. दर वेळी पंचांची शिट्टी वाजली, आणि हाताशी आलेली मुलगी निसटली. संघातल्या कामिनीला पाठीवरची तीच थाप लागू पडायची. जांभया देत बसलेली कामिनी त्या थापेने जागी होई.

“काय होतंय तुला?” रत्नाने विचारलं.

“मले ऐकूच येत नाही, मॅडम. कानात नुस्तं धडधड होते. वाटते खो आला, आन् मी उठते.”

मागे खुर्चीत लोटन सर बसले होते. निवृत्त झाले, तरी रत्नाच्या संघाचा सामना ते चुकवत नसत. रत्ना खेळायची तेव्हा तेच तिचे प्रशिक्षक, आणि सामन्याआधी तिच्याही गालावर त्यांची चपराक बसे.

“पोरगी अजून थंडी शे,” ते म्हणाले. “एक दे ठेवी गालवर.”

रत्नाने सरांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आजही दिलं नाही. पिशवीतून तिने कापसाची डबी काढली. रोज वात वळल्याशिवाय ती चहा घेत नसे. आज मुलींना गोळा करण्यात वात राहिली होती, आणि चहाही. कापसाचा एक पुंजका तिने मयुरीच्या तळव्यावर ठेवला.

“आजची माझी वात तू वळ.”

मयुरीने दाबून वळली. कापूस तुटला.

“दाबू नको. तो आपणहून वळतो.”

दुसरा पुंजकाही तुटला. तिसऱ्याला मयुरीची बोटं सैल झाली. वात झाली, एका टोकाला जाड, दुसऱ्याला सुतासारखी.

“ही मी आज संध्याकाळी मुक्ताईसमोर लावीन,” रत्ना म्हणाली. “जिंकलो तरी, हरलो तरी.”

शिट्टी वाजली. मयुरीने वात डबीत ठेवली आणि ती मैदानात गेली.

पाठलागाची शेवटची पाळी जळगावची होती. गुण बरोबरीत आले, वेळ संपत आली. धुळ्याची शेवटची मुलगी हुलकावण्या देत नेमकी मयुरीच्या समोर आली. कामिनी मयुरीच्या पाठीमागून धावत येत होती, पण अजून पोचली नव्हती.

“खो!”

आवाज खुर्चीतून आला होता, लोटन सरांचा. प्रेक्षकांनी तो उचलला. सगळीकडून खो, खो सुरू झालं.

मयुरी हलली नाही. तिचे तळवे जमिनीवर हलके टेकलेले होते.

मग कामिनीचा हात तिच्या पाठीला लागला, आणि दमलेला, फाटका खो आला. मयुरी उठली. दोन झेपांत तिने धुळ्याच्या मुलीच्या खांद्याला हात लावला.

सामना जिंकलेल्या मुलींचा गलका झाला तेव्हा रत्नाच्या लक्षात आलं, ती स्वतः बाकावरून उठून उभी होती. कधीपासून, हेही तिला ठाऊक होतं: सरांच्या त्या पहिल्या ‘खो’पासून.

ती हळूच खाली बसली.

“शेवटी तापली ना पोरगी?” लोटन सर काठी टेकत जवळ आले. “मी म्हनत होतो ना?”

“हो, सर,” रत्ना म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

मुली फोटोसाठी तिला हाका मारत होत्या. तिने लांबूनच हात हलवला, डबी पदराआड धरली, आणि मयुरीची वात लावण्यासाठी मुक्ताईनगरची गाडी धरायला स्टँडकडे चालू लागली.